गेमवरच्या फाइट फिल्मचा दुसरा भाग: फटके खोटे दिसायलेत

औसा_रोड (लातूर)

मंडळी, कॉलेजच्या फिल्म क्लबसाठी ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या फाइटिंगच्या गेमवर फॅन फिल्म करायलोत. पहिला भाग ६ मिनिटांचा होता, गॅदरिंगला चालला. आता दुसरा भाग १२ मिनिटांचा. नऊ कॅरेक्टर, सहा फाइटी. ट्रायल शूट केलं तर एकबी फटका लागल्यासारखा वाटंना गेलाय. पोरं चपळ आहेत, दोघं तायक्वांदोवाले, एक तालमीतला. तरी स्क्रीनवर सगळे एकमेकांना वारा घालायलेत असंच दिसतंय.

सामान: दोन मोबाइल (एकाला ३एक्स लेन्स), गिंबल (मोबाइल स्थिर धरायचा दांडा), दोन एलईडी पॅनल, एडिटिंगला रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती. बजेट २० हजार. शूट एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

विचारायचं हे: फटका खरा कसा दिसावा, बर्फवाल्या निन्जाचा बर्फ कशाचा करावा, दोरीचा भाला छातीत घुसताना कसा दाखवावा, आणि रक्त. लोकेशन म्हणून एक बंद पडलेली जिनिंग मिल (कापसातली सरकी काढायचा कारखाना) आणि देवगिरी किल्ला डोक्यात आहे. वायरवर उड्या मारायचाबी विचार आहे.

अजून एक. याच गेमवरच्या सिनेमाचा दुसरा भाग १९९७ ला आला, त्याला सगळे शिव्या घालतात. तो नेमका कुठं फसला? तेच आपल्याकडून व्हायला नको.

---

पैठण_गेट

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमच्या पोस्टमध्येच त्याचं उत्तर आहे. नऊ कॅरेक्टर, सहा फाइटी, १२ मिनिटं. १९९७ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन’नं हेच केलं.

त्या सिनेमात कसबी माणसांची कमी नव्हती. दिग्दर्शक जॉन लिओनेट्टी हा १९९५ च्या पहिल्या भागाचा कॅमेरामन. फाइट बसवणारा रॉबिन शू, म्हणजे नायक लिऊ कँगचं काम करणारा नटच. स्टंटच्या टीममध्ये रे पार्क आणि टोनी जा, दोघंही पुढं जगभर नावाजले. पैसाही पहिल्या भागापेक्षा जास्त. तरी पडला, कारण ९५ मिनिटांत पंधरा-सोळा कॅरेक्टर कोंबले. सायरॅक्स येतो, लढतो, संपतो. स्मोक तसाच. मिलीना चिखलात लोळून जाते. चार हातांची शीवा तर बघा: एवढा मेकअप, एवढा थाट, आणि न लढताच अंगावर पिंजरा पडून मरते. जॉनी केजसारखा लोकांचा लाडका गडी सुरुवातीलाच मारून टाकला, तोही वेगळा नट घेऊन. जुन्यांपैकी शू आणि किताना झालेली तालिसा सोटो एवढेच आपल्या भूमिकांत परत आले. आणि क्लायमॅक्सला दोन माणसांची फाइट सोडून दोन कॉम्प्युटरचे प्राणी झुंजवले. त्या काळच्या मानानंही ते काम कच्चं होतं.

आता पहिल्या भागातली सब-झीरोची, म्हणजे बर्फवाल्या निन्जाची, फाइट बघा. तिला एक नियम आहे: हा जे गोठवील ते मेलं. लिऊ कँगला एक अडचण आहे: जवळ जाता येत नाही. किताना एक इशारा देऊन ठेवते. तो पाण्याची बादली फेकतो, पाणी वाटेत गोठतं, त्याचाच भाला होऊन सब-झीरोला लागतो. फाइट छोटी आहे, पण प्रेक्षकाला तीन वाक्यांत सांगता येते. जॉनी केज आणि स्कॉर्पियनची (दोरीच्या भाल्यावाला निन्जा) घ्या. रांगेत लावलेल्या झाडांत सुरू होते, मग लाकडी परांच्या उभारलेल्या पाताळात जाते, मग मुखवटा निघून कवटी आगीची फुंकर घालते, आणि शेवटी केजचा सही केलेला फोटो तरंगत खाली येतो. दर ३०–४० सेकंदांनी काहीतरी बदलतं: जागा, हत्यार, नाहीतर वरचढ कोण ते. रेप्टाइलची फाइट तर चाचणी खेळांत प्रेक्षकांना मारामारी कमी वाटली म्हणून मागून घातली, आणि आज तीच लोकांच्या लक्षात आहे.

म्हणून सहाच्या तीन करा. प्रत्येकी दीड ते दोन मिनिटं. शूटच्या आधी प्रत्येक फाइटीची अडचण, तोडगा आणि बदलाच्या दोन जागा कागदावर लिहा. अडचण लिहिता येत नसेल तर ती फाइट काढा. उरलेले कॅरेक्टर पाठमोरे उभे करा, नाव घ्या, पण लढवू नका. गेमवाले पोशाखावरूनच ओळखतात.

आणि गेममधली एखादी खूण प्रत्येक फाइटीत एकदाच येऊ द्या. लिऊ कँगची सायकल किक (हवेत पायडल मारल्यासारख्या लाथा) पहिल्या भागात रेप्टाइलला शेवटी बसते म्हणून मजा. तीच पाच वेळा आली असती तर पी.टी.चा तास झाला असता.

---

बीडची_एडिटर

फटक्याचं सांगते. तुमचा कॅमेरा बहुतेक दोघांच्या बाजूला, काटकोनात उभा आहे. सरळ ठोशाला ही सगळ्यात वाईट जागा. मूठ आणि तोंडातलं अंतर तिथून उघडं पडतं.

कॅमेरा, मूठ आणि तोंड एका रेषेत आणा. हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) असेल तर मार खाणाऱ्याच्या पाठीमागं, खांद्याच्या जरा बाजूला उभं राहा. मूठ त्याच्या नाकापुढून १५–२० सेंमी अंतरावरून जाते आणि मधली फट त्याचंच डोकं झाकतं. सरळ ठोशाला मारणाऱ्याच्या खांद्यामागून घ्या, फट २०–२५ सेंमी ठेवा. अपरकटला (खालून वर मारलेला ठोसा) कॅमेरा कमरेच्या खाली. किकला फट ३० सेंमीच्या वर, कारण पाय थांबवणं हाताइतकं हुकमी नसतं. पोटावरची किक मात्र हलकी खरी लावा, आत चेस्ट गार्ड घालून. कापड दबलेलं दिसलं की बाकी मेंदू भरून काढतो.

तुमची ३एक्स लेन्स इथंच वापरा. लांबून झूम केलं की पुढचं-मागचं अंतर चपटं होतं आणि २० सेंमीची फट दिसतच नाही. १एक्सची वाइड लेन्स फक्त कॅमेऱ्याच्या दिशेनं येणाऱ्या फटक्याला, आणि उडी मोठी दाखवायला खालून.

फटका विकतो तो मार खाणारा. मान वळायची वेळ म्हणजे मूठ तोंडाच्या रेषेवर येते तो क्षण. आधी वळली तर नाटक, उशिरा वळली तर विनोद. आधी हनुवटी, मग खांदा, मग कंबर, मग पाय, या क्रमानं अंग फिरलं पाहिजे. तायक्वांदोवाल्यांची इथं गंमत होते. त्यांना फटका चुकवायची सवय, म्हणून मान मागं जाते. त्यांना उलट शिकवावं लागतं.

फाइट एका दमात शूट करू नका. चार-सहा हालचालींचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या दोन हालचाली परत करून घ्या. हे केलं नाही तर टेबलावर कट मारायला जागाच राहत नाही, आणि मग लोक कॅमेरा हलवून झाकायला जातात.

कट: वाइडमध्ये हात निघतो, साधारण एक तृतीयांश वाट चालतो, तिथं कट, जवळच्या शॉटमध्ये फटका बसतो. जवळचा शॉट २–३ फ्रेम मागून सुरू करा, म्हणजे हालचालीचा तेवढा भाग दोनदा दिसतो. डोळ्याला कळत नाही, पण फटका पोचतो. हाँगकाँगवाले हे वर्षानुवर्षं करत आले. नेमकं बसायच्या फ्रेमवर कट मारला तर फटका दोन शॉटच्या मधल्या फटीत पडून हरवतो. फटक्याच्या लगेच आधीची एक फ्रेम काढून टाकली की धार येते. स्क्रीन हलवायची तर २–३ फ्रेम, आणि अख्ख्या फाइटीत दोनदा, जास्त नाही.

वेग वाढवायचा तर १०५ ते ११० टक्के. जुन्या पद्धतीत कॅमेरा २२ फ्रेमवर चालवून २४ वर दाखवायचे, ते साधारण ९ टक्केच होतं. १२० टक्के केलं की कपडे आणि केस चुगली करतात.

---

जालना_स्टील

शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड मिळायचा वेळ, सेकंदाच्या १/२०० वर लॉक करा, बाकी सगळं सोडा. फटके खणखणीत दिसतात.

---

बीडची_एडिटर

जालनाभाऊ, अख्खी फिल्म १/२०० वर घेतली तर चालणंसुद्धा तुटक तुटक दिसतं. शिवाय मिलमध्ये ट्यूबलाइट असेल तर पट्टे येतील. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून दिव्याखाली १/५० किंवा १/१०० च. २५ फ्रेमवर शूट करा, टाइमलाइनही २५ चीच ठेवा, बोलण्याला १/५०, फाइटीला १/१००. एवढ्यानंही धार येते. १/२०० ठेवायचंच असेल तर बाहेर उन्हात, तेही दोन-चार शॉटला.

उन्हात वेगळी भानगड असते. बहुतेक मोबाइलचं अ‍ॅपर्चर (उजेड आत यायचं भोक) बदलत नाही, म्हणून ऑटोवर टाकलं की शटर आपोआप १/२००० वर जातं आणि हातपाय पत्त्याच्या कॅटसारखे फडफडतात. क्लिपवाला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) घ्या. शटर हातानं लॉक करायला ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे. साध्या कॅमेरा अ‍ॅपवर घेतलं तर फ्रेम रेट कमी-जास्त होत राहतो आणि नंतर आवाज सरकतो. तसलं फुटेज आधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट फ्रेम रेटवर काढून घ्या, मगच टाइमलाइनवर टाका.

---

माती_तालीम (उदगीर)

वायरचा विचार सोडा. हार्नेस, कप्पी, दोर आणि वरचा आधार, सगळ्याची भार सोसायची क्षमता माहीत असलेला रिगर लागतो. जिनिंगच्या छताच्या गंजलेल्या लोखंडी सांगाड्याला दोर बांधून माणूस उचलणं म्हणजे अपघाताला आवतण. उडी पाहिजे तर छोटा ट्रॅम्पोलिन फ्रेमच्या बाहेर ठेवा, कॅमेरा जमिनीला लावा, उडीची फक्त वरची बाजू घ्या आणि पडणं दुसऱ्या शॉटमध्ये.

पडायला तालीम घ्या. तांबडी माती १०–१५ सेंमी खणून भुसभुशीत केलेली असली तर त्याच्यासारखी गादी नाही. पण उन्हाळ्यात माती आवळते. आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, सकाळी फावड्यानं उकरून घ्यायचं, खडा राहिलाय का ते हातानं चाचपायचं. वस्तादांना आधी विचारा, आत चपला-बूट नको, म्हणजे पोशाखातले बूट त्या शॉटपुरते काढावे लागतील. फ्रेम कमरेच्या वर ठेवा.

मिलच्या फरशीवर पडायचं असेल तर कापसाची गादी एकटी घालू नका. ती बसते आणि हाड फरशीला लागतं. खाली रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा थर लावा, सगळी एका मापाची, झाकणं बंद, भोवती दोरीनं एकत्र बांधलेली, वर फोमची गादी. खोकी चेपतात आणि झटका खातात. चेपलेलं खोकं पुढच्या टेकला बदलायचं. हे कमरेच्या उंचीवरून पडण्यापुरतं. छतावरून, माळ्यावरून उडी नाही. कडबा किंवा सोयाबीनचं भुसकट घालू नका, धाटं टोचतात आणि भुसकटानं अंग खाजतं.

पडताना हनुवटी छातीला, श्वास सोडत, दोन्ही हात अंगापासून ४५ अंशात पूर्ण पंजानं जमिनीवर आपटायचे. मागं पडताना अंग तोलायला हात मागं टेकायचा नाही. मनगट तिथंच मोडतं, आणि नवख्यांची पहिली दुखापत बहुतेक तीच. पोशाखाच्या आत व्हॉलीबॉलचे नी-पॅड आणि एल्बो-पॅड घाला.

सराव आधी निम्म्या वेगानं, मग पाऊण वेगानं. शूटला ८०–८५ टक्क्यांच्या वर जायचं नाही. मारणाऱ्यानं आधी डोळ्यात बघायचं, मार खाणाऱ्यानं मान हलवायची, मगच हात सोडायचा. चौथ्या-पाचव्या टेकनंतर अंतर आपोआप कमी व्हायला लागतं, थकलेला माणूस पुढं सरकतो. म्हणून उभं राहायच्या जागा टेपनं आखून ठेवा, दर टेकला तपासा.

एक युक्ती. ‘एक-दोन-तीन-चार’ मोजून फाइट बसवली की कवायत होते. सेटवर एखाद्या पोराला हलगी द्या आणि तुकड्यागणिक वेगळा ठेका वाजवू द्या: दोन पटापट, एक थांबा, मग मोठा. अंगाला चढउतार लगेच कळतो.

---

औसा_रोड (लातूर)

भारी. सहाच्या तीन फाइटी केल्या, वायर रद्द. पोरं थोडी रुसलीत, पण ठीकंय. आता बर्फ, भाला, मास्क, रक्त? आणि आवाजाला नेटवरचे ‘ढिशुम’ टाकलेत, ते लई कृत्रिम वाटायलेत.

---

गोदाकाठ_नांदेड

बर्फ दोन प्रकारचा लागतो, वस्तूवरचा आणि अंगावरचा. दोन्हींना वेगळं सामान.

काच, लोखंड, पाइप गोठलेला दाखवायला मॅग्नेशियम सल्फेट. कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मिळतं, स्वस्त पडतं. १०० मिली कडक गरम पाण्यात साधारण १०० ग्रॅम विरघळवा, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, ब्रशनं फासा. वाळताना सुयांसारखे स्फटिक फुटतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते फार लवकर वाळतं आणि स्फटिक बारीक, पिठासारखे येतात. मोठे पाहिजे असतील तर सावलीत, पंखा बंद ठेवून, वर पुठ्ठा झाकून हळू वाळवा. ही वाढ मोबाइलवर टाइमलॅप्समध्ये घेतली तर ‘बर्फ पसरतोय’ हा शॉट फुकटात मिळतो. खतातला माल अंगाला लावायचा नाही.

अंगावर: व्हॅसलीनचा पातळ हात, वर पांढरी फेस पावडर, भुवया आणि केसांच्या कडेला भरड खडीसाखर. डोळ्यांपासून लांब. हे सगळ्यात शेवटी करा, कारण दहा मिनिटांत मुंग्या येतात.

तोंडातून वाफ ४० अंशात येणार नाही. खोलीत अंधार, मागं काळं कापड, बाजूनं एक एलईडी, आणि किटलीची वाफ शूट करा. रिझॉल्व्हमध्ये त्या क्लिपचा कंपोझिट मोड ‘स्क्रीन’ ठेवा, काळं निघून जातं आणि वाफ उरते. ती तोंडाच्या हालचालीबरोबर हलेल अशी ट्रॅक करा. ड्राय आइसच्या नादी लागू नका. उणे ७८ अंशाचा असतो, उघड्या हातानं धरला तर कातडी भाजते, आणि बंद खोलीत त्याचा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो.

भाला. १९९५ मध्ये स्कॉर्पियनच्या तळहातातून निघणारा भाला म्हणजे कॉम्प्युटरवर केलेला सापासारखा जिवंत प्राणी होता. त्या वाटेनं जाऊ नका. उलटा शॉट घ्या. १० मिमी ईव्हीए फोमचं (चपलांचा मऊ फोम) टोक करा, आत गज नाही, तारसुद्धा नाही. चेस्ट गार्डवर वेल्क्रोचा तुकडा, टोकाच्या मागं दुसरा. टोक छातीला चिकटलेलं असताना शूट सुरू करायचं आणि दोरी झटक्यानं ओढून घ्यायची. एडिटमध्ये उलटं फिरवलं की भाला उडत येऊन घुसतो. नटानं तेवढ्या वेळात पापणी मिटायची नाही, पाय हलवायचा नाही, आणि जमिनीवर धूळ नको. उलट्या शॉटमध्ये धूळ खाली बसण्याऐवजी पायात शिरते आणि सगळं उघडं पडतं. हा शॉट १२–१५ फ्रेमच ठेवा. पुढं ‘इकडं ये’ म्हणून ओढायचा शॉट सरळ घ्या, पण दोरी कमरेच्या पट्ट्याला बांधून. गळ्याजवळ दोरी कुठल्याच शॉटमध्ये नको.

मास्क ५ मिमी ईव्हीएचा. स्टेशनरीत मिळणारी फोम शीट २ मिमीची असते, ती वाकते. चपलांचं कच्चं सामान विकणाऱ्याकडं जाड शीट मिळते. हीट गननं गरम करून वाडग्यावर दाबून गोलाई आणायची. दोन्ही कडांना कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह, दहा मिनिटं वाळू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. ओलं असताना जोडलं की उन्हात कडा उकलतात. मग पांढऱ्या फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून तीन हात, त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग. हे हात दिले नाहीत तर फोम रंग पिऊन टाकतो आणि चांदीचा राखाडी दिसतो. नाकाखाली भोकं पाडा, नक्षी म्हणून खपतात. फाइट करताना माणसाला बसल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा लागते.

रक्त: बेकरीचं सामान विकणाऱ्याकडून लिक्विड ग्लुकोज १०० ग्रॅम, कोमट पाणी २५–३० मिली, खायचा लाल रंग अर्धा चमचा, कोको पावडर पाव चमचा, निळ्या रंगाचा एकच थेंब. कोको नसेल तर कॅमेऱ्यात सरबत दिसतं. तोंडात जाणार असेल तर सगळं खाण्याचंच, कुंकू आणि रंगपंचमीचा रंग चालत नाही. पोशाखाच्या चिंधीवर आधी लावून बघा, खायचा रंग पांढऱ्या कपड्यातून सहजासहजी जात नाही.

---

परभणीचा_कान

आवाज घरीच करा. तयार ‘ढिशुम’मध्ये सगळं एकात मिसळलेलं असतं, म्हणून प्रत्येक फटका सारखाच वाजतो. तीन थर वेगळे ठेवा.

पहिला हवेचा. बांबूची बारीक काठी किंवा सायकलचा स्पोक माइकपासून हातभर लांबून फिरवा. माइकच्या तोंडासमोरून नाही, बाजूनं, नाहीतर वारा भरतो. हा आवाज फटक्याच्या ५–६ फ्रेम आधी सुरू होऊन फटक्यावर तुटला पाहिजे.

दुसरा मांसाचा. गुंडाळलेल्या गोधडीवर बॅट मारा, हा ‘धप्प’. त्यावर ओल्या टॉवेलवर चामडी चपलेचा ‘चट्’. पोटावरच्या फटक्याला धप्प जास्त, थोबाडीत चट् जास्त. धप्पला इक्वलायझरमध्ये १०० हर्ट्झच्या आसपास थोडं उचला, चट्‌ला २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये.

तिसरा हाडाचा. ज्वारीच्या कडब्याचं वाळलेलं धाट मोडा. इतका कोरडा कडाका दुसऱ्या कशानं येत नाही. ओला मोड पाहिजे असेल तर मुळा किंवा शेवग्याची शेंग. हा थर फाइटीत एक-दोनदाच, सगळ्यात मोठ्या फटक्याला.

फटक्याचा आवाज बसायच्या फ्रेमवर ठेवा. फार तर एक फ्रेम उशिरा आला तरी चालतो, आधी नको. मोठ्या फटक्याच्या आधी ३–४ फ्रेम बाकी सगळा आवाज, पार्श्वसंगीतासकट, खाली आणा. फटका आपोआप मोठा वाटतो, व्हॉल्यूम वाढवावा लागत नाही.

रेकॉर्डिंग मोबाइलवर चालेल, पण गोधड्या टांगलेल्या खोलीत आणि पंखा बंद करून. माइकच्या जवळ मारलं की आवाज फाटतो, लेव्हल कमाल मर्यादेच्या १० ते १२ डेसिबल खालीच ठेवा.

संगीताचं: पहिल्या भागाचं ते प्रसिद्ध टेक्नो गाणं लावायचा मोह आवरा. यूट्यूबवर चढवलं की दावा येतो. कॅरेक्टरही दुसऱ्याच्या मालकीचे आहेत, तेव्हा पैसे मिळवायच्या भानगडीत पडू नका आणि ‘फॅन फिल्म’ असं सुरुवातीलाच लिहा.

---

पैठण_गेट

लोकेशनचं राहिलं. देवगिरी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडं आहे. शूटिंगला रीतसर अर्ज लागतो, फी असते, आणि एप्रिलचं शूट असेल तर उशीर झालाय. हत्यारं आणि निन्जाचे पोशाख घेऊन तिकीट काढून गुपचूप शूट करू म्हणाल तर गेटवरच अडवतील. इतर किल्ल्यांचंही आधी बघा, काही केंद्राकडं, काही राज्याकडं. ड्रोन परवानगीशिवाय कुठंच नको. काळा दगड पाहिजे असेल तर बंद पडलेली खदान बघा, मालकाच्या लेखी परवानगीनं. बेसॉल्टची उभी भिंत तीच आहे. फक्त कड्याच्या खाली उभं राहायचं नाही आणि पाण्याच्या बाजूला फाइट नाही.

जिनिंग चांगली निवड आहे, उंच छत, गवाक्षातून तिरपा उजेड. पण आगीचं एकही काम नको. कोपऱ्यात, पट्ट्यांवर रुईची उड साचलेली असते. ठिणगी पडली तर ती आत आत धुमसत जाते आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. फटाका नाही, मशाल नाही, हीटरवाली स्मोक मशीन नाही. धुराऐवजी मैदा किंवा टाल्कम पावडर हवेत उडवायचा सल्ला कोणी दिला तर तोही नको, मैदा हवेत पेट घेतो आणि दोन्ही छातीत जातात. उजेडाच्या तिरिपा दिसायला फरशी झाडली की जेवढी धूळ उडते तेवढी पुरते. तेव्हा नट बाहेर, मास्क लावून एक जण आत. आत शिरायच्या आधी काठी आपटत एक फेरी मारा, अशा जागी साप असतात.

फोमच्या का होईना, तलवारी घेऊन पोरं दिसली की लोक फोन करतात. पोलीस ठाण्यात प्राचार्यांच्या सहीचं पत्र आधी द्या, पोच घ्या, प्रत सेटवर ठेवा.

वेळ सकाळी ६ ते साडेनऊ आणि संध्याकाळी ५ नंतर. काळ्या रेक्झिनचा पोशाख आणि मास्क घालून दुपारी फाइट केली तर माणूस चक्कर येऊन पडतो. दर दोन-तीन टेकला मास्क काढायचा, ओआरएस द्यायचं. मोबाइलही तापून बंद पडतो, विशेषतः ४के आणि ६० फ्रेमवर. तुम्हाला २५ च पाहिजे, तेव्हा तसाही वाचतो. दोन मोबाइल आलटून पालटून वापरा, तापलेला सावलीत पंख्यापुढं ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, लेन्सच्या आत दव धरतं.

---

जालना_स्टील

शटरचं मान्य. एक भर: २०२१ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ फिल्मची सुरुवात परत बघा. सतराव्या शतकातलं जपान, हिरोयुकी सानाडा आणि जो तास्लिम. तास्लिम इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संघाचा जूडोवाला, म्हणून पकड आणि फेक खरी वाटते. शॉट लांब आहेत, दोघं पूर्ण अंगानं फ्रेममध्ये आहेत. त्याच फिल्मच्या मधल्या फाइटी तुकड्यातुकड्यांत कापल्यात, फरक लगेच कळतो. तुमच्या तालमीतल्या गड्याला किक मारायला लावू नका, त्याला धोबीपछाड मारू द्या, वाइडमध्ये, न कापता.

---

औसा_रोड (लातूर)

जालनाभाऊ, धोबीपछाडचं आमच्या डोक्यातच नव्हतं. घेतो. क्लायमॅक्सपण तोच करायलोत.

एकच राहिलं, परभणीकर. शेवटी गोठलेला हात फुटतो. त्या तडकण्याला काय वाजवू?

---

परभणीचा_कान

स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी, त्यात फ्रीजरमधून नुकतेच काढलेले बर्फाचे खडे. टाकल्याबरोबर तडतडतात. पातेल्याखाली टॉवेल, नाहीतर भांड्याचा घुमारा येतो. मोबाइल वीतभर वर धरा, वाफेपासून जपून. हा झाला तडा जायचा आवाज, तो फुटायच्या अर्धा सेकंद आधीपासून चढवत न्या.

फुटण्यासाठी जाड गोणपाटात बर्फाची लादी गुंडाळून हातोडी, डोळ्याला गॉगल. त्याच्याखाली गोधडीचा धप्प हळू आवाजात ठेवा, नाहीतर काच फुटल्यासारखं वाटेल. तुकडे जमिनीवर पडायचा आवाज वेगळा घ्या, मिलच्याच फरशीवर. आपल्या घरच्या टाइल्सवर घेतला तर जागा बदलल्याचं लगेच कळतं.